ब्रेल प्रिंटरच्या आधी नोट्सची फाईल बघा

मॅडम, पुढे वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. नाशिकच्या एका अनुदानित महाविद्यालयात तुम्ही प्रथम वर्ष कला शाखेला मराठी माध्यमातून अर्थशास्त्र शिकवता. यंदा वर्गात एक पूर्ण अंध विद्यार्थी आहे आणि एक कर्णबधिर विद्यार्थिनी. तुमच्याकडे नोट्स भरपूर आहेत: काही हस्तलिखित, काही पुस्तकांच्या झेरॉक्सवरून स्कॅन केलेल्या, काही पूर्वी कधीतरी टाइप करून घेतलेल्या, आणि अलीकडच्या पीपीटी. प्राचार्यांनी ब्रेल प्रिंटर घ्यायची तयारी दाखवली आहे. तो घ्यावा का, आणि सुरुवात कुठून करावी, असं तुम्ही विचारलंय.

मी नाशिकमध्येच अनेक वर्षं दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं आणि नोट्स वाचता येतील अशा स्वरूपात आणायचं काम करतो. त्या अनुभवावरून सांगतो, ब्रेल प्रिंटर आत्ता घेऊ नका. ब्रेलचं महत्त्व मी जाणतो. ज्याला ब्रेल येतं त्याचं शुद्धलेखन आणि गणित पक्कं राहतं. पण त्या प्रिंटरलाही छापण्यासाठी आधी युनिकोडमधला, म्हणजे कुठल्याही संगणकावर-फोनवर मराठीच राहणारा, स्वच्छ मजकूर द्यावा लागतो, आणि तुमच्या वर्णनावरून तोच सध्या तुमच्याकडे नाही. लाखांच्या घरातलं यंत्र येईल, आणि त्यात घालायला काही नाही म्हणून झाकून ठेवलं जाईल. उलट स्वच्छ मजकूर हाती आला की विद्यार्थी तो त्याच संध्याकाळी मोबाइलवर ऐकू शकतो. म्हणून मी तुमचा प्रश्न असा वाचतो: तुमच्या नोट्समध्ये मजकूर आहे की मजकुराचे फोटो आहेत, आणि त्या मुलाच्या हातात तासाआधी पडतात की परीक्षेच्या तोंडावर? या दोन गोष्टी जमल्या की बाकीचं बरंच आपोआप मार्गी लागतं.

काय करायचं हे बऱ्याच अंशी त्या दोघांच्या परिस्थितीवर ठरेल. मुलाची दृष्टी जन्मापासून नाही की दहावी-बारावीच्या सुमारास गेली? अंधशाळेत शिकलेल्या मुलाला बहुधा ब्रेल येतं, गणितासाठी टेलर फ्रेमची, म्हणजे खुंट्या बसवून आकडेमोड करायच्या पाटीची, सवय असते. उशिरा दृष्टी गेलेल्याला ब्रेल येईलच असं नाही, पण त्याला आलेख कसा दिसतो हे आठवत असतं, आणि अर्थशास्त्रात त्याचा मोठा उपयोग होतो. त्याच्याकडे लॅपटॉप आहे का? बहुतेकांकडे फक्त अँड्रॉइड फोन असतो आणि ते टॉकबॅकवर, म्हणजे फोनमधल्या पडदा वाचून दाखवणाऱ्या सोयीवर, सगळं करतात. मुलगी खुणांच्या भाषेत बोलते, ओठ वाचते, की श्रवणयंत्र वापरते? हे तीन वेगळे रस्ते आहेत.

ही माहिती काढताना एक काळजी घ्या. 'तुला काय मदत हवी?' असं विचारलं की सुरगाण्या-पेठहून आलेलं, वसतिगृहात राहणारं पोर हमखास म्हणतं, 'काही नको मॅडम, चालतं.' त्याऐवजी, 'बारावीचा अभ्यास कसा केलास? पुस्तक कोण वाचून दाखवायचं? मोबाइलवर कोणती फाईल उघडते, कोणती उघडत नाही?' असं विचारा. तास संपल्यावर, एकटं असताना. वर्गासमोर नको. आणि नोट्स द्यायच्या आधी युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, मागू नका. ते परीक्षेतल्या सवलतींसाठी लागतं. वाचता येईल अशी फाईल द्यायला कसल्याही कागदाची गरज नाही.

आता फायलींकडे येऊ. तुमच्या प्रत्येक फाईलला दोन चाचण्या लावा. पहिली पीडीएफसाठी. माउसने एक ओळ निवडून बघा. ओळीतले शब्द निवडले गेले तर आत मजकूर आहे. काहीच निवडलं गेलं नाही, किंवा सगळं पान एकदम निळं झालं, तर ते पान म्हणजे फोटो आहे. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या स्क्रीन रीडरला तिथे वाचण्यासारखं काहीच सापडत नाही. दुसरी चाचणी टाइप केलेल्या जुन्या फायलींसाठी. त्यातली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. मराठी दिसली तर उत्तम. इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्यांची चिन्हं यांची खिचडी दिसली तर ती फाईल श्रीलिपी, कृतीदेव, शिवाजी अशा जुन्या फॉन्टमध्ये आहे. या फॉन्टांत आतली अक्षरं इंग्रजीच असतात, वरून फक्त मराठी आकार चढवलेला असतो. डोळ्यांना मराठी दिसतं, पण स्क्रीन रीडर आतलं वाचतो आणि विद्यार्थ्याला निरर्थक इंग्रजी अक्षरं ऐकू येतात. फॉन्ट बदलून मंगल हा युनिकोड फॉन्ट केला की काम झालं असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. जुन्या फॉन्टचं युनिकोड करणाऱ्या कन्व्हर्टरमधूनच काढावं लागतं, आणि काढल्यावर रफार, अर्धी अक्षरं आणि ऱ्हस्व वेलांटी नजरेखालून घालावी लागतात, कारण कन्व्हर्टर तिथेच अडखळतो.

मराठीच्या बाबतीत आणखी एक खाचखळगा आहे आणि तो इंग्रजी माध्यमातल्या सल्ल्यांत कधीच सापडत नाही. युनिकोडमध्ये नीट टाइप केलेल्या मजकुराचीही पीडीएफ बनवली की आतला क्रम अनेकदा बिघडतो. जोडाक्षरं फुटतात, वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाते, शब्दाच्या मध्येच जागा पडते. पान दिसायला सुंदर असतं, ऐकायला मात्र तुकडे तुकडे. म्हणून मराठी नोट्स विद्यार्थ्याला वर्डच्या फाईलमध्येच द्या. पीडीएफ छपाईसाठी ठेवा. 'कुणी माझ्या नोट्समध्ये बदल केला तर' ही शंका शिक्षक काढतात, पण झेरॉक्सच्या दुकानात पडलेल्या नोट्सचं काय होतं हे आपण कॉलेज रोडवर रोज बघतो. त्या भीतीपायी मुलाचं वाचन अडवू नये.

आता प्रत्यक्ष काम. जुना ढिगारा पहिल्या पानापासून उपसायला घेऊ नका. तो वर्षभरात संपणार नाही आणि त्या मुलाचं वर्ष हातचं जाईल. पुढच्या आठवड्यात जे प्रकरण शिकवणार आहात ते आज घ्या. मागचं नंतर, सुट्टीत. साहित्य तासाच्या निदान दोन दिवस आधी पोहोचलं पाहिजे, कारण इतर मुलं वर्गात फळा बघून जे समजून घेतात ते त्याला आधी ऐकून यावं लागतं.

स्कॅन केलेली छापील पानं असतील तर ती गुगल ड्राइव्हवर टाकून गुगल डॉक्समध्ये उघडा. मराठी मजकूर बऱ्यापैकी निघतो. पान सरळ, सावलीशिवाय स्कॅन केलेलं हवं. झेरॉक्सची झेरॉक्स असेल तर नाद सोडा आणि मूळ पुस्तक ग्रंथालयातून काढा. निघालेला मजकूर तपासावाच लागतो. घ आणि ध, भ आणि म, ख आणि रव यांची अदलाबदल ठरलेली. दोन रकान्यांचं पान असेल तर ओळी एकमेकींत घुसतात. तक्ते तर मोडतातच, ते नव्याने टाइप करणंच सोयीचं. तपासताना नुसतं डोळ्यांनी वाचू नका, मोबाइलला वाचायला लावून ऐका. 'मागणीत घट' ऐवजी 'मागणीत धट' डोळा सहज सोडून देतो. कान सोडत नाही.

हस्तलिखित नोट्सवर हा उपाय चालत नाही, मराठी हस्ताक्षर अजून भरवशाने ओळखलं जात नाही. त्या समोर ठेवा आणि गुगल डॉक्समध्ये बोलून टाइप करण्याची सोय सुरू करून मराठीत वाचून काढा. तुमचाच विषय, तुमचीच भाषा, त्यामुळे वेग चांगला येतो. विरामचिन्हं मागाहून घालावी लागतात, ती आळस न करता घाला. पूर्णविराम नसला की स्क्रीन रीडर पूर्ण परिच्छेद एका दमात वाचतो आणि ऐकणाऱ्याला वाक्य कुठे संपलं ते कळत नाही.

मग मथळे. नोट्समध्ये आपण मथळा ठळक करतो, अक्षर मोठं करतो, खाली रेघ ओढतो. डोळस माणसाला तेवढं पुरतं. स्क्रीन रीडरला तो मथळा आहे हे कळण्यासाठी वर्डमधली हेडिंग स्टाइल द्यावी लागते: प्रकरणाला हेडिंग एक, मुद्द्याला हेडिंग दोन. मग विद्यार्थी संगणकावर एनव्हीडीए वापरत असेल तर मथळ्यावरून मथळ्यावर उडी मारत चाळीस पानांतून 'मागणीच्या नियमाचे अपवाद' काही सेकंदांत गाठतो. नाहीतर सुरुवातीपासून ऐकत बसावं लागतं. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत आहे, मराठी आवाजही त्यात येतो. तो तुमच्याही लॅपटॉपवर टाका आणि तुमची एक फाईल पडद्याकडे न बघता ऐका. वर्डच्या रिव्ह्यू टॅबमध्ये ॲक्सेसिबिलिटी तपासण्याची सोय आहे, तीही वापरा, पण चित्रांच्या बाबतीत ती वर्णन दिलं आहे की नाही एवढंच बघते. वर्णन कामाचं आहे का हे कानांनीच कळतं. फाईलला नावही धड द्या. 'नोट्स फायनल नवीन दोन' यापेक्षा 'अर्थशास्त्र प्रकरण ३ मागणीचे विश्लेषण'. फोनवर फायलींची यादी ऐकत जाणाऱ्याला नावाखेरीज दुसरी खूण नसते.

ऑडिओबद्दल थोडं बोलायला हवं, कारण पुष्कळ शिक्षक प्रेमाने प्रकरणं वाचून रेकॉर्ड करून देतात. द्या, उपयोग होतो. पण मजकुराच्या बदली नको. आवाजात शब्द शोधता येत नाही, व्याख्या अचूक कुठे आहे ते सापडत नाही, आणि 'उपभोक्ता' ऱ्हस्व की दीर्घ हे कळत नाही. मजकूर असेल तर मुलगा अक्षर-अक्षर थांबून ऐकू शकतो.

तुमच्या विषयात खरी कसोटी आकृत्यांची आहे. 'आकृतीत दाखवल्याप्रमाणे' हे वाक्य अंध विद्यार्थ्याला काहीच देत नाही. पीपीटीतल्या आकृतीला ऑल्ट टेक्स्ट (स्क्रीन रीडरने वाचायचं चित्राचं वर्णन) म्हणून 'मागणी वक्र' एवढंच लिहिलेलं मी नेहमी बघतो. ते चित्राचं नाव झालं. वर्णन असं हवं: 'क्ष अक्षावर कांद्याची मागणी, किलोमध्ये. य अक्षावर किंमत, रुपयांत. किंमत ५० रुपये असताना मागणी १० किलो, ४० रुपयांना २० किलो, ३० रुपयांना ३० किलो. हे बिंदू जोडणारी सरळ रेषा डावीकडून उजवीकडे खाली उतरते.' एवढं ऐकून मुलगा आकृती मनात उभी करू शकतो आणि परीक्षेत लेखनिकाला सांगून काढून घेऊ शकतो. आकृतीखाली तेच आकडे साध्या तक्त्यात द्या. तक्त्यात खाने एकत्र जोडू नका, पहिली ओळ शीर्षकांची ठेवा. लासलगावच्या बाजारभावाचं उदाहरण तुम्ही वर्गात देत असालच, तेच आकडे घ्या, म्हणजे ऐकताना ओळखीचं वाटेल.

वर्णनाच्या जोडीला हाताला लागणारी आकृती दिली तर फार फरक पडतो, आणि त्याला यंत्र लागत नाही. जाड पुठ्ठा घ्या. अक्षांसाठी सुतळी, वक्रासाठी लोकरीचा धागा, फेव्हिकॉलने चिकटवा. बिंदूंच्या जागी टिकल्या लावा. मागणी वक्राचं स्थानांतर दाखवायचं असेल तर दुसरा वक्र वेगळ्या पोताचा हवा, म्हणजे एक लोकर आणि दुसरा गुळगुळीत वायर. दोन्ही लोकरीचे असतील तर बोटं कुठल्या वक्रावर आहेत ते कळत नाही. एका पुठ्ठ्यावर एकच आकृती. वर उजवीकडे कोपरा कापून ठेवा, म्हणजे पुठ्ठा सरळ धरलाय की उलटा ते हाताला समजतं. मुलगा आधी अक्ष शोधतो, मग दोघांचा छेदबिंदू, मग वक्रावरून बोट फिरवतो. या वेळी त्याचा हात धरून ओढू नका, तोंडाने सांगा. ब्रेल येत असेल तर अक्षांची नावं त्यालाच ब्रेल पाटीवर टोचून चिकटवायला सांगा. सूक्ष्मलक्षी अर्थशास्त्राच्या एका सत्राला अशा मोजक्याच मूळ आकृत्या लागतात आणि नीट ठेवल्या तर पुढच्या विद्यार्थ्यालाही कामी येतात.

पीपीटीत प्रत्येक स्लाइडला शीर्षक द्या, तेही शीर्षकाच्या ठरलेल्या चौकटीत. सुट्या टेक्स्ट बॉक्समध्ये लिहिलेला मजकूर वाचण्याच्या क्रमात कुठेही जाऊन बसतो. 'लाल रेषा म्हणजे पुरवठा, हिरवी म्हणजे मागणी' असं फक्त रंगावर सोडू नका; रेषेवर नाव लिहा. लाल-हिरवा फरक न कळणारी मुलं प्रत्येक कॉलेजात असतात आणि ती कधी सांगत नाहीत.

आणि फळ्याचे फोटो! वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज फळ्याचा फोटो पडतो, खाली कुणीतरी अंगठा देतो, आणि अंध मुलाच्या फोनला त्या फोटोतलं गणित किंवा आकृती वाचता येत नाही. फोटो बंद करू नका, इतरांना त्याचा उपयोग आहे. फोटोबरोबर चार ओळी टाइप करून टाकायची जबाबदारी आळीपाळीने मुलांवर द्या. वर्गात लिहिताना तोंडाने बोलत लिहा. 'हे इथून इकडे आलं' ऐवजी 'किंमत ५० वरून ४० वर आली'. याचा फायदा मागच्या बाकावरच्या सगळ्यांना होतो.

आता तुमच्या विद्यार्थिनीबद्दल. 'तिला दिसतंय, वाचता येतंय, मग नोट्स दिल्या की झालं' असा सर्रास समज आहे. ती लहानपणापासून बहिरी असेल आणि खुणांची भाषा हीच तिची पहिली भाषा असेल, तर छापील मराठी तिच्यासाठी दुसरी भाषा आहे. घरात-दारात कानावर पडून जी मराठी आपल्यात मुरते ती तिला तशी मिळालेली नसते. मग 'किंमतीव्यतिरिक्त इतर घटक स्थिर असताना वस्तूच्या किंमतीत वाढ झाल्यास तिच्या मागणीत घट होते' या वाक्यात ती हरवते, बुद्धी कमी म्हणून नव्हे, वाक्याची गुंफण सोडवता येत नाही म्हणून. तेच असं लिहा: 'इतर घटक स्थिर आहेत. वस्तूची किंमत वाढली. मग मागणी घटते.' संज्ञा मात्र बदलू नका. परीक्षेत 'मागणीची लवचिकता' हाच शब्द येणार आहे, तर तोच ठेवा आणि बाजूला एका ओळीत अर्थ आणि उदाहरण द्या. प्रत्येक प्रकरणाच्या आधी पंधरा-वीस संज्ञांची यादी तिला दिलीत तर वर्गात काय चाललंय याचा धागा तिला सापडतो. ओठ वाचणाऱ्यांना तर ही यादी फारच लागते, कारण ओठांवरून 'प', 'ब' आणि 'म' सारखेच दिसतात. शब्द आधी माहीत असेल तरच अंदाज बरोबर बसतो.

फळ्याकडे तोंड करून बोलू नका. लिहा, वळा, मग बोला. तिला पहिल्या-दुसऱ्या बाकावर, खिडकीकडे पाठ करून बसवा, म्हणजे तुमच्या चेहऱ्यावर उजेड पडेल. श्रवणयंत्र असेल तर पंख्याचा आवाजही तिला मोठा ऐकू येतो, हे लक्षात घ्या. एकाच वेळी ओठ बघणं आणि वहीत लिहिणं तिला अशक्य आहे. म्हणून नीट नोट्स काढणाऱ्या एखाद्या मुलीची वही रोज तिला मिळेल अशी व्यवस्था करा, आणि ती मैत्रीच्या भरवशावर न सोडता विभागाने लावून द्या. मैत्रीत कधीतरी रुसवा येतो, वही बंद होते.

व्हिडिओ दाखवत असाल तर खाली मजकूर हवा. यंत्राने आपोआप केलेली मराठी अक्षरं आकडे आणि संज्ञा चुकवतात, त्यामुळे तपासल्याशिवाय दाखवू नका. वेळ नसेल तर व्हिडिओतलं बोलणं टाइप करून कागदावर द्या. तिच्या जोडीला आपल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची मराठी पुस्तकं बघा. शिक्षक समोर नसताना शिकणाऱ्यांसाठी ती लिहिलेली असतात, छोटे घटक, मध्ये मध्ये स्वतःला तपासायचे प्रश्न, असा साचा असतो. कर्णबधिर मुलांना तो मानवतो.

तुम्ही दोघांबद्दल विचारलंत, पण साठ-सत्तरांच्या वर्गात न सांगणारे आणखी असतात. सगळ्यात जास्त अल्पदृष्टी असलेले. फळ्याचा फोटो काढून दोन बोटांनी मोठा करून बघणारा मुलगा मोबाइल खेळतोय असं समजून त्याला बाहेर काढलं जातं. त्याला ए-थ्री झेरॉक्स मारून देतात, त्यात अक्षराबरोबर डागही मोठे होतात. तुमची वर्डची फाईल तयार असेल तर तीच २० पॉइंटमध्ये छापा, ओळींतलं अंतर दीडपट ठेवा. देवनागरीत हे अंतर फार महत्त्वाचं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची मात्रा एकमेकांवर चढतात, आणि अनुस्वार तर दिसेनासाच होतो. चकचकीत कागद टाळा. डिस्लेक्सिया असलेल्यांना हाच मोकळा मजकूर आणि जोडीला ऐकण्याची सोय उपयोगी पडते. हाताला कंप असलेल्याला किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्याला जाड पुस्तकाची पानं उलटण्यापेक्षा फाईल सोयीची. बघा, एकच स्वच्छ फाईल किती जणांना पुरते.

हे सगळं तुम्ही एकट्याने करायचं नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांना वर्षाला १२० तास काम करायचं असतं. काढलेला मजकूर मूळ पानाशी ताडून बघणं हे उत्तम काम आहे आणि मुलं ते मनापासून करतात. तक्ते आणि आकडे मात्र तुम्हीच बघा. टायपिंग बाहेर देत असाल तर डीटीपीवाल्याला काम देण्याआधीच सांगा की युनिकोडमध्येच हवं. त्याचा हात जुन्या फॉन्टवर बसलेला असतो, मागाहून सांगितलं तर पुन्हा पैसे पडतात. पूर्ण पुस्तकाचं काम हाती घेण्याआधी सुगम्य पुस्तकालय या दिव्यांगांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयात शोधा, ते आधीच कुणीतरी केलेलं असू शकतं. सातपूरला नॅब या अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या महाराष्ट्र शाखेचं कार्यालय आहे, तिथेही एकदा मुलाला घेऊन जाऊन या.

'पुस्तक स्कॅन करून दिलं तर प्रकाशक केस करेल' ही भीती काढून टाका. प्रताधिकार कायद्यात २०१२ साली दुरुस्ती होऊन कलम ५२ मध्ये स्पष्ट मुभा आली आहे. दिव्यांग व्यक्तीला शिक्षणासाठी वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तक करून देता येतं, त्याला प्रकाशकाची परवानगी लागत नाही. अट एवढीच, त्यातून नफा कमवायचा नाही आणि ती प्रत बाकीच्या वर्गाला वाटायची नाही. अशा प्रतींना मुभा देणाऱ्या मराकेश या आंतरराष्ट्रीय करारावर २०१४ मध्ये सर्वांत आधी शिक्कामोर्तब करणारा देश भारतच होता.

प्राचार्यांपुढे विषय मांडताना दयेच्या सुरात मांडू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे, त्यात २१ प्रकारची दिव्यांगता धरली आहे, आणि अनुदानित उच्चशिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. जागा राखीव ठेवून प्रवेश द्यायचा आणि पुस्तक वाचता येऊ द्यायचं नाही, याला काही अर्थ नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये उच्चशिक्षण संस्थांसाठी सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे किमान नियम सक्तीचेच हवेत, नुसत्या शिफारशी चालणार नाहीत, असं सांगितलं. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालात रॅम्पबरोबर वाचन साहित्याच्या सॉफ्ट कॉपीचाही रकाना असतो, हे प्राचार्यांना चटकन पटेल.

प्रिंटरसाठी काढलेल्या पैशांतून मी आधी एक बरा स्कॅनर, ग्रंथालयात हेडफोनसह दोन संगणक आणि टायपिंगचं मानधन मागितलं असतं. वर्षभराने फायली तयार झाल्या, मुलाला ब्रेल येतंय आणि त्याला ते हवंय असं दिसलं, तर प्रिंटर जरूर घ्या.

परीक्षेचं फार लांबवत नाही. लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ ही तरतूद आहे. अर्ज सत्राच्या सुरुवातीलाच करून टाका, शेवटच्या आठवड्यात लेखनिक मिळत नाही. अंतर्गत चाचणीची प्रश्नपत्रिका तुमच्याच हातात आहे, ती वर्डमध्ये द्या आणि आकृतीचा प्रश्न असेल तर 'आकृती काढा' ऐवजी 'आकृतीचे वर्णन करा' असा पर्याय ठेवा.

पुढच्या आठवड्याचं प्रकरण कुठलं आहे आणि त्याच्या नोट्स स्कॅन केलेल्या आहेत, हस्तलिखित आहेत की टाइप केलेल्या, ते कळवा. टाइप केलेल्या असतील तर वर्डमध्ये एका ओळीवर क्लिक करून वर फॉन्टचं जे नाव दिसेल तेही लिहा. कुठला कन्व्हर्टर चालेल ते त्या नावावरून सांगता येईल.